ढोलकीवाल्या अण्णांचा सत्कार आणि एका खोलीचा प्रश्न

मासुंदाकाठ (ठाणे) · शनिवार, रात्री १०.५०

मंडळी, सल्ला हवा आहे आणि जरा लवकर हवा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

वागळे इस्टेटच्या बाजूला आमची जुनी सोसायटी आहे. तिथल्या सांस्कृतिक मंडळाला यंदा २५ वर्षं पूर्ण होतात. वर्गणी आणि स्मरणिकेच्या जाहिराती मिळून ८० हजार रुपये जमलेत. यंदा मालिकेतला चेहरा आणायचा नाही, आपल्यातल्याच अण्णांचा सत्कार करायचा, असं बैठकीत एकमताने ठरलं.

अण्णा ढोलकी वाजवतात. वय ६८. दिवसा कारखाना आणि रात्री लोकनाट्याची साथ, असं त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. पुढे कारखाना बंद पडला आणि हातात ढोलकी तेवढी राहिली. गेली १७ वर्षं महिन्यातले दोन शनिवार ते दादरच्या एका धर्मशाळेत जातात. कॅन्सरच्या उपचारांसाठी गावाकडून आलेले रुग्ण आणि त्यांची माणसं तिथे उतरतात. अण्णा त्यांच्यासोबत बसून वाजवतात. एक पैसा घेत नाहीत, लोकलचं तिकीटही स्वतःचं.

मी दोनदा त्यांच्यासोबत गेले. पहिल्या वेळी परभणीकडच्या एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या. पोरगं आठेक वर्षांचं, डोक्यावरचे केस गेलेले, भिंतीकडे तोंड करून पडलेलं. अण्णांनी ढोलकी मांडीवर घेतली, दोरीतल्या कड्या सरकवून सूर लावला आणि तसेच थांबले. आजींना म्हणाले, "माय, जात्यावरचं काही येतं का?" आजी म्हणाल्या, "जातं गेलं, गाणं गेलं." दोन-चार मिनिटं कुणीच बोललं नाही. मग आजींनीच एक ओवी म्हटली, अगदी पुटपुटल्यासारखी. अण्णांनी नुसत्या बोटांच्या टोकांनी ठेका धरला, आजींचा आवाज बुडणार नाही इतका हलका. चौथ्या-पाचव्या ओवीला पोरगं कुशीवर वळलं आणि त्याने ढोलकीच्या पुडीवर तळवा टेकला. आतून येणारी थरथर त्याला हाताला लागत होती. अण्णांनी त्याचा हात तिथेच राहू दिला आणि दुसऱ्या बाजूने वाजवत राहिले.

तर, सत्काराचं सांगायला आम्ही चौघं त्यांच्या घरी गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाले, "ताई, शाल नको. माझ्याकडे तीन पोरं शिकायला येतात. त्यांना वाजवायला जागा द्या."

या पोरांची अडचण अशी. एकाचे वडील रात्रपाळीचे वॉचमन, ते दिवसा झोपतात. दुसऱ्याच्या घरी एकच खोली आणि बहीण बारावीला. तिसरी मुलगी आहे, तिच्या इमारतीत ढोलकीचा आवाज आला की शेजारी दार वाजवतात. म्हणून ही तिघं संध्याकाळी नितीन कंपनीच्या पुलाखाली जाऊन बसतात. अण्णांचं म्हणणं, "गाड्यांच्या आवाजात चाट, म्हणजे पुडीच्या कडेचा नाद, ऐकू येत नाही, मग पोरं जोरात मारतात. हात जड होतो. जड हाताचा वादक गाणाऱ्याला झाकून टाकतो. ती सवय एकदा लागली की सुटत नाही."

आमच्या सोसायटीचा छोटा हॉल आहे. वाढदिवस आणि बारशांना भाड्याने जातो, बाकी वेळ कुलूप. समितीत आता दोन तट पडलेत. काहींना सत्कार दणक्यात हवा, काही म्हणतात अण्णांनीच नको म्हटलं तर सगळे पैसे मुलांवर खर्चा. तुम्ही काय कराल?

---

विंगेतला माणूस · शनिवार, रात्री ११.३५

ताई, ३१ वर्षं पडद्यामागे काढली, त्यातली बरीच गडकरी रंगायतनच्या विंगेत. आधी एक सांगतो: सत्कार रद्द करू नका. अण्णा नको म्हणाले तरी करा. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या गाण्यामागे बसून वाजवलं, त्याचं नाव एकदा माइकवरून पूर्ण उच्चारलं गेलं पाहिजे. साथीदाराचं नाव निवेदक सगळ्यात शेवटी घेतो, तोवर लोक चप्पल शोधत असतात. हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

मात्र सत्कारावर भागवू नका. विठाबाई नारायणगावकर आठवा. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली बाई, पण शेवटच्या दिवसांत पैशांची ओढाताण होतीच. २००२ साली त्या गेल्या. आज तमाशातल्या ज्येष्ठ कलावंतांना राज्य शासन त्यांच्याच नावाचा जीवनगौरव पुरस्कार देतं. पदक कपाटात राहतं, दवाखान्याचं बिल काउंटरवर येतं.

आणि २०२०. मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा आम्हा रंगमंच कामगारांची कमाई त्याच रात्री थांबली, कारण आमचे पैसे प्रयोगामागे असतात. प्रशांत दामल्यांनी आपल्या नाटकांतल्या पडद्यामागच्या लोकांना पहिल्याच दिवसांत पैसे पोचवले, हे आमच्यातला कुणी विसरणार नाही. पैशांइतकंच, कुणीतरी आपल्याला मोजलं याने धीर आला.

मानपत्र मात्र नीट लिहा. "कलेची निःस्वार्थ सेवा" वगैरे नको. किती वर्षं, कुठे, कोणासोबत, काय वाजवलं, ते लिहा. परभणीच्या आजींचा प्रसंग आला तर सोन्याहून पिवळं.

---

सहज वाचक · रविवार, सकाळी ८.१०

मला हा सगळा प्रकार पटत नाही. या हाताचं त्या हाताला कळू नये असं आपल्याकडे म्हणतात. अण्णा धर्मशाळेत जातात ते सत्कारासाठी नाही. तुम्ही त्यांना स्टेजवर बसवलंत की पुढच्या वेळी तिथे फोटोवाला जाईल आणि त्या आजी गाणार नाहीत. माणुसकीच्या कामाला बक्षीस लावू नये.

---

तिसरी घंटा (ठाणे पूर्व) · रविवार, सकाळी ९.४५

@सहज वाचक, फोटोवाल्याबद्दल पूर्ण सहमत. धर्मशाळेत कॅमेरा जाता कामा नये, एवढी अट समितीने लेखी घालून घ्यावी. पण चांगलं काम झाकूनच ठेवायचं म्हटलं तर त्यात दुसरा माणूस येणार कुठून?

आपल्याकडचीच उदाहरणं बघा. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सोबतच्या नामवंतांनी अत्र्यांचं एक गाजलेलं नाटक बसवून गावोगाव प्रयोग केले. त्यातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. त्याच्या व्याजातून पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागलं. बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर ही मंडळी त्या उभारणीत होती. नावातला ‘कृतज्ञता’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. दान देणाऱ्याची पायरी वर असते. कृतज्ञता मानणारा खालच्या पायरीवर उभा राहून देतो. आणि ते प्रयोग उघडपणे, तिकीट लावून, जाहिरात करून झाले, म्हणूनच पैसा उभा राहिला.

पु. ल. आणि सुनीताबाईंनीही असंच केलं. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं ते त्यांच्या १ लाख रुपयांच्या देणगीच्या आधारावर. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी २०१५ मध्ये दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांसाठी नाम फाउंडेशन काढलं, तेही नावानिशी. दोघांचे चेहरे लोकांच्या ओळखीचे होते, म्हणून गावोगावची माणसं विश्वासाने पुढे आली.

आणखी एक, कारण त्यातून व्यवहाराची गोष्ट शिकता येते. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी काहीतरी करावं म्हणून पंडित रविशंकर यांनी ‘बीटल्स’मधल्या जॉर्ज हॅरिसनला गळ घातली आणि एका दिवसात दोन कार्यक्रम झाले. तिकिटांचे पैसे युनिसेफला गेले. पण ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटाच्या कमाईतला मोठा भाग अमेरिकेच्या करखात्याच्या तपासात वर्षानुवर्षं अडकला, कारण करमाफीची कागदपत्रं आधी केलेली नव्हती. तेव्हा मासुंदाकाठ, ८० हजार असोत नाहीतर ८ हजार, पावत्या आणि ठराव आधी करून घ्या.

---

घणसोलीकर · रविवार, दुपारी १२.२०

धर्मशाळा म्हटल्यावर गाडगेबाबांचं नाव यायलाच हवं. दादरला कॅन्सर रुग्णांची सोय करणारी संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे. बाबा कीर्तनकार होते. ‘देवकीनंदन गोपाला’च्या गजरात हजारो माणसं बसवायचे आणि लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबईत धर्मशाळा उभ्या करायचे. स्वतः त्यांत राहिले नाहीत. कलावंताने माणसांसाठी काय करावं याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. अण्णांच्या मानपत्रात त्यांचा उल्लेख असावा असं मनापासून वाटतं.

आणखी एक आठवण ठाण्याचीच. मे २०२० मध्ये सोनू सूदने मजुरांना गावी पाठवायला बस सोडल्या, त्यातल्या पहिल्या १० ठाण्याहून कर्नाटकात गुलबर्ग्याकडे गेल्या. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने त्याचा गौरव केला. योग्यच झालं. त्याच दिवसांत आमच्या गावठाणातल्या ढवळे, म्हणजे लग्नातली गाणी, म्हणणाऱ्या दोन मावश्या रोज सकाळी भाकऱ्या थापून रेल्वेच्या कडेने चालणाऱ्यांना वाटायच्या. आगरी लग्नांत त्यांच्याशिवाय हळद लागत नाही, पण कुठल्या मंडळाने त्यांना एक नारळ दिल्याचं ऐकलं नाही. तुमचा धागा वाचून मी आमच्या गावकीत विषय काढणार आहे.

---

नेरूळची आई · रविवार, रात्री ९.०५

मी मुलांच्या बाजूने लिहिते.

माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, त्याला ऐकू कमी येतं. महापालिकेच्या वाशीतल्या, अपंग मुलांसाठीच्या ईटीसी केंद्रामुळे तो बोलायला आणि नाचायलाही शिकला. मागे एका संस्थेने (नाव घेत नाही) एका मोठ्या कलाकाराच्या सत्कार सोहळ्यात त्याच्या गटाचं नृत्य ठेवलं होतं. साडेसहाला बोलावलं. पाहुणे सव्वादहाला आले. मग दीपप्रज्वलन, भाषणं, पुष्पगुच्छ. मुलं साडेअकराला स्टेजवर गेली. तोवर एक नऊ वर्षांची मुलगी मेकअपसह आईच्या खांद्यावर झोपली होती, ओठांचा लाल रंग आईच्या ओढणीला लागलेला. तिला उठवून नाचवलं. समोरच्या खुर्च्या निम्म्या रिकाम्या होत्या. निवेदक म्हणाला, "या दुर्दैवी मुलांसाठी टाळ्या." माझ्या मुलाला ते वाक्य ओठांवरून कळलं. घरी येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

म्हणून दोनच विनंत्या. मुलांचा कार्यक्रम आधी ठेवा, भाषणं नंतर. आणि दया दाखवू नका. आनंदवनचा ‘स्वरानंदवन’ वाद्यवृंद मी पाहिलाय. बहुतेक कलावंत अपंग, पण पहिल्या दोन गाण्यांनंतर ते आपण विसरतो, कारण गाणंच तसं पक्कं बसवलेलं असतं. डॉ. विकास आमटे यांनी २००२ मध्ये तो उभा केला. तालीम, साज, ध्वनियोजना यांत कुठे कमी ठेवलेली दिसत नाही. मुलांना आधार म्हणजे मला तरी हाच दिसतो: मोठ्यांना द्याल तेवढीच चांगली व्यवस्था त्यांनाही द्या.

---

कोर्ट नाका · रविवार, रात्री १०.३०

@नेरूळची आई, वाचून फार वाईट वाटलं. जे झालं ते होऊ नये म्हणून नियम आहेत, ते लोकांना माहीत नसतात. बालकामगार नियमांत २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार मनोरंजनाच्या क्षेत्रात मुलाकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दर ५ मुलांमागे एक जबाबदार माणूस लागतो आणि मिळकतीतला किमान २० टक्के वाटा मुलाच्या नावे मुदत ठेवीत जावा लागतो. हे व्यावसायिक निर्मितीसाठी आहे. सोसायटीच्या कार्यक्रमाला तेच माप स्वतःहून लावायला कुणी अडवत नाही.

मासुंदाकाठ, आता कामाचं. अण्णांनी ‘राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजने’त अर्ज केलाय का? ५० वर्षांवरील कलावंतांसाठी आहे, उत्पन्नाची अट आहे, दरमहा ५,००० रुपये मिळतात. कलेच्या कामाचे पुरावे जोडावे लागतात. अशा माणसांकडे जुनी हँडबिलं, कात्रणं काहीच नसतं आणि तिथेच अर्ज अडतो. तुमचं मानपत्र, त्यातल्या साल-तारखांसह, इथे उपयोगी पडेल. विंगेतल्या दादांनी नेमकं सांगितलंय.

मुलांसाठी: १० ते १४ वयोगटाला सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शिष्यवृत्ती आहे. १८ ते २५ वयाच्या कलावंतांना केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळते, महिना ५,००० रुपये. फॉर्म भरायला कुणी सोबत बसलं तर पुष्कळ मुलं अर्ज तरी करतील. मी दोन रविवार बसायला तयार आहे, सकाळी दहाला, चहाही नको.

---

पारसिक बोगदा (कळवा) · सोमवार, रात्री १२.१५

मी २४ वर्षांचा आहे, पखवाज आणि ढोलकी वाजवतो, एकांकिकांना संगीत देतो. इथे सगळे मोठे बोलतायत, मी ‘नवोदित’ बाजूने थोडं लिहितो.

आम्हाला ‘व्यासपीठ देतो’ म्हणून बोलावतात. व्यासपीठ म्हणजे फुकट. कळव्याहून वाशीला जायचं तर ढोलकी घेऊन आधी ठाण्याला यायचं आणि ट्रान्स हार्बर पकडायची. गर्दीत वाद्य डोक्यावर धरून उभं राहायचं. रात्री शेवटची गाडी चुकली की रिक्षा आणि खिशातले पैसे. कार्यक्रमानंतर प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नाव चुकलेलं असतं. मला एकदा एका काकांनी कार्यक्रम संपल्यावर पाकीट दिलं, त्यात ३०० रुपये होते. पाकिटावर माझं पूर्ण नाव आणि खाली ‘मानधन’ असा शब्द. ते पाकीट अजून माझ्या वाद्याच्या पिशवीत आहे. तेव्हा अण्णांच्या तीन पोरांना कार्यक्रमात वाजवायला लावाल तर पाकीट द्या, कितीही छोटं.

दुसरं म्हणजे, कुणीतरी बसून शेवटपर्यंत ऐकावं. २०१४ मध्ये रत्नाकर मतकरींनी ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेसोबत ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. वस्त्यांमधली मुलं आपल्याच आयुष्यावरच्या नाटिका स्वतः लिहून, स्वतः बसवून सादर करतात. मी प्रेक्षक म्हणून गेलो होतो. सेट जवळजवळ नव्हताच. पाण्याच्या हंड्यांची रांग दाखवायला मुलं नुसती वाकून उभी राहिली आणि मला आमची गल्ली दिसली. इतका मोठा नाटककार वयाच्या पंचाहत्तरीत या मुलांच्या नाटिका गांभीर्याने बघायला बसत होता. २०२० मध्ये ते गेले. तसं कुणी समोर बसलं की पोरगं पुढची दहा वर्षं तालीम सोडत नाही.

आणि हो, खोली द्याच. पुलाखाली मीही वाजवलंय.

---

सहज वाचक · सोमवार, सकाळी ७.४०

@पारसिक बोगदा, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. माझा आक्षेप मी मागे घेतो. कॅमेऱ्याची अट तेवढी राहू द्या. हॉलचा वीजखर्च वाढेल म्हणून कुणी अडून बसलं, तर वर्षभराचा तो खर्च मी देईन. संपादकांकडे माझा संपर्क आहे.

---

मासुंदाकाठ · तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९.२०

उशिरा लिहितेय, क्षमा. काय झालं ते सांगते.

सर्वसाधारण सभेत सर्वात मोठा विरोध तळमजल्यावरच्या एका आजोबांचा होता. त्यांची हृदयाची शस्त्रक्रिया झालीय, आवाजाची धास्ती. कुणी त्यांच्याशी वाद घातला नाही. अण्णा स्वतः त्यांच्या घरी गेले, तिन्ही पोरांना घेऊन. आजोबांच्या खोलीत बसून पोरांनी हळू वाजवून दाखवलं. आजोबा म्हणाले, "एवढंच असेल तर चालेल, पण साडेसातला बंद." ठराव झाला: सोमवार ते शुक्रवार, सहा ते साडेसात, हॉल विनाभाडं. भिंतीला लावायला एका सभासदाने जुन्या गाद्या दिल्या.

सत्कार काल झाला. बॅनर काढला नाही, पाहुणे बोलावले नाहीत. सहाला मुलांचं वादन, मग मानपत्र, भाषण कुणाचंच नाही. मानपत्र आमच्या मंडळातल्या निवृत्त बाईंनी लिहिलं. त्यात कारखान्याचं साल, लोकनाट्याचे दौरे, १७ वर्षांचे शनिवार आणि गाडगेबाबांची एक ओळ होती. परभणीच्या आजींचा प्रसंगही होता. तो वाचला गेला तेव्हा अण्णांनी मान खाली घातली आणि डाव्या हाताने स्वतःच्याच गुडघ्यावर ठेका धरला. शाल आम्ही दिलीच, सुती, त्यांच्या ढोलकीवर घालता येईल अशी. ती त्यांनी घेतली.

पैशांचं: एक नवी ढोलकी त्या मुलीसाठी, जुन्या दोन्हींच्या पुड्या बदलून घेतल्या, तिघांना नावानिशी पाकिटं. अण्णांच्या दादरच्या फेऱ्यांसाठी तिघांसह वर्षभराचं प्रवासभाडं बाजूला काढलं, कारण पुढच्या महिन्यापासून पोरंही पाळीपाळीने धर्मशाळेत जाणार आहेत. उरलेले पैसे मंडळाच्या खात्यात वेगळे ठेवलेत, पावत्या कोर्ट नाका यांनी तपासल्या. ते दोन्ही रविवारी आले. अण्णांचा अर्ज गेला, मुलांपैकी एकाचा शिष्यवृत्तीचाही.

हॉलची किल्ली मुलीकडे दिली आहे. पहिल्या दिवशी मी दाराबाहेर उभी होते. आतून आधी खूप जोरात आवाज आला, पुलाखालच्या सवयीचा. मग तो थांबला. अण्णांचा आवाज ऐकू आला, "आता गाड्या नाहीत, बाळ. हलक्या हाताने."

---

विंगेतला माणूस · रविवार, रात्री ९.५०

हॉलला पडदा हवा असेल तर सांगा. आमच्याकडे जुन्या नाटकाचा काळा जाड पडदा पडून आहे, आवाज चांगला शोषतो. शनिवारी टेम्पोने आणून टांगून देतो.